जुहू गल्लीत फ्लॅट मिळेल, पण गल्ली किती रुंद राहील?

जुहूत पुनर्विकासाची मीटिंग बसली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती स्क्वेअर फूट मिळणार?" मग भाड्याचा चेक, मग कॉर्पस फंड, मग पार्किंग. हे प्रश्न चुकीचे आहेत असं आम्ही म्हणणार नाही. तीस-चाळीस वर्षं दहा बाय बाराच्या खोलीत संसार केलेल्या माणसाने स्क्वेअर फूट विचारायचे नाहीत तर काय विचारायचं? पण आणखी एक आकडा आहे, तो मीटिंगमध्ये जवळपास कुणीच विचारत नाही. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतची वाट किती मीटर रुंद राहणार, आणि ती रात्री तीन वाजताही मोकळी असणार का?

बाहेरच्या माणसाला जुहू म्हटलं की चौपाटी, फिल्मस्टारांचे बंगले आणि पंचतारांकित हॉटेलं आठवतात. आपल्या वाचकांचं जुहू बरंचसं वेगळं आहे. जुहू गल्ली, वायरलेस रोड, नेहरू नगर, कोळीवाडा, मोरागाव. इथे खाली दुकान आणि वर घर, घरावर पोटमाळा, पोटमाळ्यावर पत्रा. गल्लीच्या तोंडाशी दुचाक्यांची रांग, डोक्यावर वायरींचं जाळं. आणि याच जुहूत एक आग अशी लागली होती की तिची आठवण आपल्या समाजाने पुसू देऊ नये.

३० जून २०१६. रमजानचा शेवटचा अशरा चालू होता. जुहू गल्लीत वायरलेस रोडवरच्या एका औषधाच्या दुकानाला पहाटे आग लागली. वरच्या मजल्यावर कुटुंब राहत होतं. खाली आग पेटल्यावर उतरायची वाट बंद झाली. लहान मुलांसह एकाच घरातली अनेक माणसं त्या दिवशी गेली. दोन-चार दिवस पुढारी येऊन गेले, पेपरात फोटो आले, आणि मग ईद आली.

त्याला वर्ष-सव्वा वर्ष होतंय तोवर, ६ सप्टेंबर २०१७ च्या रात्री, कूपर रुग्णालयाजवळ बांधकाम चालू असलेल्या इमारतीत आग लागली. मेले ते मजूर. ज्या इमारतीत पुढे कुणीतरी कोट्यवधींचे फ्लॅट घेणार होतं, तिच्याच तळमजल्यावर ते राहत होते, तिथेच रांधत होते, तिथेच झोपत होते.

या दोन घटनांत एक साम्य आहे. माणसं ज्वाळेत उडी मारून मरत नाहीत. धूर वर चढतो, वाट खालून जाते, आणि खालचीच वाट पेटलेली असते. म्हणून आग हा फक्त पाण्याचा आणि बंबाचा विषय नाही. तो जिन्याचा, दाराचा, बोळाचा, गल्लीचा विषय आहे, म्हणजेच वस्ती कशी आखली आहे याचा. आणि वस्तीची आखणी आता पुन्हा होणार आहे, म्हणून हे लिहायची हीच वेळ आहे.

आधी हे समजून घेऊया की मुंबईच्या उपनगरांत आग कुठे आणि का पसरते. मार्च २०११ मध्ये वांद्रे पूर्वेच्या गरीब नगरात आग लागली, तेव्हा 'स्लमडॉग मिलियनेअर'मधली बालकलाकार रुबिना अलीचं घरही जळालं, म्हणून जगभर बातमी गेली. त्याच गरीब नगरात २६ ऑक्टोबर २०१७ ला, पाडापाडीची कारवाई चालू असताना पुन्हा आग लागली आणि ती वांद्रे स्टेशनच्या पादचारी पुलापर्यंत गेली. ७ डिसेंबर २०१५ ला कांदिवली पूर्वेच्या दामू नगरात एकामागून एक सिलिंडर फुटले आणि डोंगराच्या कडेची शेकडो घरं काही तासांत राख झाली. घरगुती गॅसच्या एका भरलेल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. घर पत्र्याचं, भिंत प्लायवूडची, शेजारचं घर हाताच्या अंतरावर. एक फुटला की पुढचा तापतो. अशा वस्तीत आगीला पसरायला वारासुद्धा लागत नाही.

दामू नगर राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराला लागून आहे, हेही लक्षात घ्या. मुंबईत वणवा नसतो असं आपल्याला वाटतं. ३ डिसेंबर २०१८ च्या संध्याकाळी दिंडोशीच्या आयटी पार्कमागचा, आरेला लागून असलेला डोंगर पेटला तेव्हा गोकुळधामच्या खिडक्यांतून अख्ख्या गोरेगावने तो पाहिला. पावसाळ्यात माणसाच्या कमरेएवढं गवत वाढतं, डिसेंबरपासून ते वाळतं, आणि मग एक विडी किंवा कुणी मुद्दाम लावलेली काडी पुरे होते. आपल्याकडचा वणवा आभाळातून पडत नाही, तो बहुतेक वेळा माणसाच्या हातून लागतो. जुहूला डोंगर नाही, समुद्र आहे. पण आरेत गवताचं जे काम आहे तेच गल्लीत प्लायवूड, थर्माकोल, चिंध्या, दुचाकीच्या टाकीतलं पेट्रोल आणि जिन्याखाली चार्जिंगला लावलेली बॅटरी करते. वाळलेलं गवत निदान दिसतं तरी.

डोंगराच्या कडेच्या वस्तीचं काय करायचं, हा प्रश्न मुंबईने एकदा सोडवून पाहिला आहे, आणि त्याचा धागा थेट जुहूपर्यंत येतो. १९९० च्या दशकात उच्च न्यायालयात याचिका झाली आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतल्या हजारो झोपड्या हटवायचा आदेश निघाला. लोकांना नुसतं हाकलू नका, घर द्या, म्हणून निवारा हक्क सुरक्षा समिती लढली. शबाना आझमी या समितीचा ओळखीचा चेहरा, आणि आर्किटेक्ट पी. के. दास तिचे कार्यकर्ते. त्यातून चांदिवलीला संघर्ष नगर उभं राहिलं. तिथली कल्पना अशी होती की इमारती एकमेकींना पाठ लावून न ठेवता मधल्या चौकांभोवती बसवायच्या, म्हणजे मूल खेळेल, बाई बसेल, हवा येईल, आणि प्रसंगी माणसं बाहेर पडून उभी राहू शकतील अशी जागा दारातच असेल. सगळं छान झालं असं नाही. डोंगराकडेच्या वस्तीतून जी बाई चालत धुणीभांड्याला जायची, तिची कामं लांब राहिली. घर मिळालं, पण कामावर चालत जायचं सुख गेलं. पायी चालता येण्याजोगी वस्ती म्हणजे फक्त फरसबंदी नव्हे. काम, शाळा, दवाखाना, मस्जिद आणि बाजार पायाच्या टप्प्यात असणं, हा त्यातला मोठा भाग. जुहू गल्लीकडे तो आज आहे. डी. एन. नगर आणि आझाद नगर ही मेट्रो स्टेशनं जवळ, कूपर रुग्णालय जवळ, एस. व्ही. रोडचा बाजार जवळ. त्यामुळे "लांब कुठेतरी मोठं घर देतो" असं कुणी म्हणालं तर गमवायचं काय आहे, त्याचा हिशोब आधी करावा.

तेच पी. के. दास पुढे जुहूत इर्ला नाल्याच्या कामात दिसतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि नाला म्हणजे काय ते मुंबईला कळलं. त्यानंतर नाल्यांना भिंती बांधल्या गेल्या, पंपिंग स्टेशनं आली. जुहूतल्या रहिवाशांनी आणि दास यांनी वेगळा विचार मांडला: नाल्याच्या दोन्ही कडांची पट्टी मोकळी करून तिथे चालायची वाट करा, झाडं लावा, बागा आणि शाळा एकमेकींना त्या वाटेने जोडा. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेचे खासदार होते. त्यांच्या खासदार निधीतून पहिला टप्पा झाला. कैफी आझमी पार्ककडे गेलात तर ती वाट आज पाहता येते. सकाळी म्हातारी माणसं चालतात, संध्याकाळी मुलं सायकल चालवतात. जिथे आधी कचरा आणि राडारोडा पडलेला असायचा तिथून आता माणूस जातो.

या कामाबद्दल बोलताना सगळे झाडं आणि शुद्ध हवा सांगतात. आम्हाला त्यातली आगीची बाजू महत्त्वाची वाटते, आणि ती कुणी फारशी मांडत नाही. दाट वस्तीत सलग मोकळी पट्टी असली की तीन गोष्टी होतात. आग एका बाजूची दुसऱ्या बाजूला सहज उडी मारत नाही. माणसांना पळायला दुसरी दिशा मिळते. आणि नळी ओढत आत जायला अग्निशमन दलाच्या जवानाला वाट मिळते. रोज शाळेत जायला जी वाट वापरात आहे, तीच त्या रात्री उपयोगी पडते. वर्षातून एकदा उघडायचं इमर्जन्सी गेट असेल तर त्याला कुलूप असतं, आणि किल्ली वॉचमनकडे नसून सेक्रेटरीकडे असते. सेक्रेटरी गावाला गेलेला असतो.

अर्थात याची दुसरी बाजूही आहे. रस्ता माणसांसाठी करायचा म्हणून अरुंद केला तर गाड्या बाहेर कशा पडणार? ही शंका खरी आहे, आणि तिची किंमत अमेरिकेत एका गावाने मोजली आहे. कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज हे सव्वीस-सत्तावीस हजार वस्तीचं डोंगरातलं गाव. मधल्या बाजारपेठेत लोकांना निवांत चालता यावं म्हणून तिथल्या स्कायवे नावाच्या मुख्य रस्त्याच्या चार लेनच्या दोन केल्या होत्या. ८ नोव्हेंबर २०१८ ला वणवा आला आणि सगळं गाव एकाच वेळी गाडीत बसून निघालं. रस्ते तुंबले, लोकांनी जळत्या गाड्या सोडून पायी धाव घेतली. त्या वणव्यात ८५ माणसं गेली. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला तेच चित्र दिसलं. पॅसिफिक पॅलिसेड्समध्ये लोकांनी रस्त्यातच सोडलेल्या गाड्या बुलडोझरने बाजूला ढकलल्या, तेव्हा कुठे बंब पुढे गेले. त्याच दिवशी लागलेल्या दुसऱ्या वणव्यात अल्टाडेनातली मस्जिद अल-तकवा जळून गेली. ती बातमी आपल्याकडच्या मोबाइलवर खूप फिरली. मस्जिद जळाल्याचं दुःख सगळ्यांनी शेअर केलं, सोडून दिलेल्या गाड्यांचं कुणी केलं नाही.

यातून काहीजण म्हणतात की पायी चालायचे रस्ते हा श्रीमंतांचा शौक, संकटात रुंद डांबरी रस्ताच हवा. आम्हाला ते पटत नाही. पॅराडाइजमध्ये घरं लांब लांब, बाहेर पडायला मोजके रस्ते, आणि गाडीशिवाय दुसरं साधन नाही. तिथे लेन कमी करणं महागात पडलं, कारण बाकी सगळं गाडीवरच बेतलेलं होतं. जुहू गल्लीत आगीच्या वेळी कुणी गाडी काढून पळत नाही. माणूस पोरांना उचलून पायी पळतो. आपल्याला गाड्या बाहेर काढायच्या नाहीत, बंब आत आणायचा आहे. तो आत येत नाही तो मुख्यतः उभ्या केलेल्या गाड्यांमुळे. पॅलिसेड्समध्ये ज्या गाड्या एका दुपारी रस्त्यात सोडल्या गेल्या, तशा आपल्याकडे दर रात्री सोडलेल्या असतात. फरक इतकाच की आपल्याकडे त्यांना पार्किंग म्हणतात.

बंबाची रुंदी साधारण अडीच मीटर असते. दोन्ही बाजूंची दारं उघडून माणसं उतरायची आणि नळी ओढायची, तर साडेतीन-चार मीटर तरी हवेत. आता एक जुनी गोष्ट सांगतो. रस्त्याच्या रुंदीवरून वाद झाला तर सात हात जागा रस्त्याला सोडावी, असं सांगणारी हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आपल्या किती जुम्म्याच्या बयानांत ती येते? एक हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, सव्वातीन ते साडेतीन मीटर धरा. उंटांच्या काळातलं ते माप, आणि आजचा बंब त्यातून जेमतेम का होईना, जातो. रात्री झोपताना घरात पेटता विस्तव ठेवू नये ही तंबीही हदीसमध्ये आहे, आणि वाटेतला अडथळा दूर करणं सदका आहे हे तर मदरशातल्या लहान मुलालाही पाठ असतं. फिकहच्या जुन्या पुस्तकांत सज्जा किती पुढे काढावा, पाण्याची धार कुणाच्या दारात पडू नये, बंद गल्लीत हक्क कुणाचा, यावर पानंच्या पानं आहेत. टाउन प्लॅनिंग ही आपल्यासाठी काही परकी विद्या नव्हे.

म्हणूनच आपल्या बाजूचंही बोललं पाहिजे. महापालिका काय करत नाही हे लिहिणं सोपं असतं. ओटा फूटभर पुढे कुणी घेतला? दुकानाचा माल फुटपाथवर कुणी मांडला? पोटमाळ्यावर दुसरा पोटमाळा चढवून भाड्याने कुणी दिला? हे सगळं कुणी परक्याने येऊन केलेलं नाही. गरज होती, जागा नव्हती, हे मान्य. पण एकाच्या फूटभर ओट्याने पन्नास घरांची वाट अडते. रमजानमध्ये गल्लीत शेगड्या लागतात, एका प्लगवरून चार दुकानांना वायर जाते, तेल उकळत असतं, आणि बरोबर त्याच वेळी गर्दी सर्वांत जास्त असते. हे बंद करा असं आम्ही कदापि म्हणणार नाही, त्या खाऊगल्लीवर कित्येक घरांची ईद होते. पण दोन ठेल्यांमध्ये अंतर, मधोमध मोकळी पट्टी, प्रत्येक ठेल्यावर वाळूची बादली, आणि वायर खांबावरून न घेता रीतसर मीटरवरून, एवढं मस्जिद ट्रस्टने ठरवलं तर होऊ शकतं. गल्लीत ट्रस्टचा शब्द वॉर्ड ऑफिसच्या नोटिशीपेक्षा जास्त चालतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

आणि एक नवी गोष्ट. आपली कितीतरी पोरं डिलिव्हरीचं काम करतात आणि आता बऱ्याच जणांकडे बॅटरीची दुचाकी आहे. धूर नाही, पेट्रोलचा खर्च नाही, चांगलंच आहे. पण बॅटरी चार्ज होते कुठे? जिन्याखाली, मीटरच्या बॉक्सशेजारी, रात्रभर. मुंबईतल्या बहुतेक आगींचं कारण विजेचा बिघाड निघतं, आणि आपण बॅटरी ठेवतो ती नेमकी उतरायच्या वाटेवर.

आता पुनर्विकासाकडे येऊ. खरं तर धोका इथेही आहे, फक्त तो टाइल्स लावलेला असतो. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगाव पश्चिमेला उन्नत नगरमध्ये जय भवानी या एसआरएच्या इमारतीत आग लागली. आग लागली ती खाली, पार्किंगमधल्या गाड्या आणि कपड्यांच्या चिंध्यांना. धूर जिन्याने वर गेला आणि सात माणसं गेली, चाळीसहून जास्त जखमी झाली. झोपडी नव्हती, पक्की इमारत होती. तरी गोष्ट तीच: आग खाली, वाट खालूनच. आडवी गल्ली उभी केली की जिना होतो. गल्लीत जी खोड होती ती जिन्यातही उतरते.

नियम काय म्हणतात तेही पाहा. २०१८ पासून लागू झालेल्या विकास नियंत्रण नियमावलीत एसआरएचं घर ३०० चौरस फुटांचं, म्हणजे २७.८८ चौरस मीटर कार्पेट आहे. ५१ टक्के रहिवाशांची संमती लागते. आणि एका हेक्टरवर किमान ६५० घरं बसवायची अट आहे. घर मोठं झालं, घरांची संख्याही कमी होऊ द्यायची नाही, आणि बिल्डरला विक्रीची इमारत वेगळी उभी करायची आहे. मग जागा कुठून येणार? इमारतींमधल्या अंतरातून येते. नियमावलीत पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागांच्या सवलती आहेत, त्या वापरल्या जातात. गोवंडीतल्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये याचा शेवट काय झाला ते उघड आहे. इमारती इतक्या चिकटून की खालच्या मजल्यांवर दिवसा दिवा लावावा लागतो. २०१८ मध्ये डॉक्टर्स फॉर यू संस्थेने केलेल्या अभ्यासात ऊन-वारा न येणाऱ्या अशा घरांत टीबीचं प्रमाण जास्त दिसलं. जिथे ऊन शिरत नाही तिथे बंब तरी कसा शिरणार?

जुहूची अडचण आणखी वेगळी आहे. इथे उंचीवर बंधन आहे. १९२८ सालापासूनचा जुहू विमानतळ एका बाजूला, सांताक्रूझचा मोठा विमानतळ दुसऱ्या बाजूला. शिवाय लष्कराचं सिग्नल केंद्र, ज्याच्यावरून वायरलेस हे नाव पडलं. त्याच्याभोवती ४५७ मीटरपर्यंत बांधकामावर निर्बंध घालणारी १९७६ ची अधिसूचना आहे, आणि तिच्यामुळे जुहूतल्या अनेक जुन्या इमारती अडकून पडल्या आहेत. त्यात सूट मिळावी अशी रहिवाशांची मागणी आहे, ती रास्तही आहे. पण जिथे वर जाता येत नाही तिथे बिल्डर आडवा पसरतो, हा साधा हिशोब आहे. उंची मर्यादित आणि घरांची संख्या ठरलेली, म्हणजे जमिनीवरची मोकळी जागा पहिली कापली जाणार. त्यामुळे कुर्ला किंवा गोवंडीपेक्षा जुहूतल्या माणसाने गल्लीच्या रुंदीबद्दल जास्त जागरूक राहायला हवं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ५० एकर किंवा त्याहून मोठ्या सलग क्षेत्राच्या झोपडपट्टी समूह पुनर्विकासाला मंजुरी दिली. यात भीती आहे तशी संधीही आहे. भीती अशी की एवढ्या मोठ्या योजनेत एका गल्लीचा आवाज ऐकणार कोण? संधी अशी की एक-एक प्लॉट सुटा विकसित झाला तर सलग वाट कधीच होत नाही. एका इमारतीची कंपाउंड वॉल दुसरीच्या दारात संपते. समूहात मात्र रस्ता आधी आखता येतो. इर्ला नाल्याच्या कडेची वाट नेहरू नगरपर्यंत, शाळांपर्यंत, मेट्रोपर्यंत नेण्याचा विचार अशाच योजनेत बसू शकतो. मुंबई वातावरण कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये जाहीर झाला, त्यात २०५० पर्यंत नेट झिरोचं लक्ष्य आहे. कागदावर ते फार सुंदर दिसतं. जुहू गल्लीपुरता त्याचा अर्थ आम्ही असा लावतो की माणसाला रिक्षा न करता मेट्रोपर्यंत सावलीतून चालत जाता आलं पाहिजे. एमएमआरडीएच्या २००८ च्या वाहतूक अभ्यासात महानगर प्रदेशातल्या निम्म्याहून जास्त फेऱ्या पायी होत असल्याचं निघालं होतं. म्हणजे पायी चालणारे हे अल्पसंख्याक नाहीत, बहुसंख्य आहेत. तरी अंधेरीच्या गोखले पुलाचं पाहा. जुलै २०१८ मध्ये जो भाग रुळांवर कोसळला तो पादचाऱ्यांचाच होता. पुढे नवा पूल बांधला, २०२४ मध्ये एक बाजू उघडली, तेव्हा जुहूकडे येणाऱ्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी त्याची उंचीच जुळेना. काही महिने अख्ख्या देशाने त्याचे मीम बनवले. दोन पूल जुळवताना ज्यांची ही गत, त्यांच्या भरवशावर गल्लीचं माप सोडून द्यायचं का?

मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं मुंबईला नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्या काळात के-पश्चिम वॉर्डात गल्लीची तक्रार घेऊन जाणाऱ्या माणसाला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवलं गेलं. त्यामुळे या विषयात जे करायचं ते सह्या व्हायच्या आधी, सोसायटीच्या पातळीवर, कागदावर. सही झाल्यावर बिल्डरचा माणूस फोन उचलत नाही, हे सांगायला आमची गरज नाही.

कागदावर म्हणजे काय, ते थोडं सविस्तर सांगतो. संमतीपत्राला लेआउटचा नकाशा जोडलेला असावा आणि त्यात प्रत्येक आतल्या रस्त्याची रुंदी मीटरमध्ये लिहिलेली असावी. "नियमानुसार" एवढंच लिहिलं असेल तर सही करू नये. उंच इमारतीच्या निदान एका बाजूला बंब फिरेल आणि त्याचं वजन पेलेल अशी सहा मीटर मोकळी जागा लागते. ती जागा पुढे बाग, पोडियम किंवा पार्किंगमध्ये जाणार नाही, हे वेगळं कलम म्हणून घ्यावं. पुनर्वसनाच्या इमारतीला दोन जिने आहेत का आणि दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी जमिनीवर उतरतात का, हे आर्किटेक्टला तोंडावर विचारावं. दोन्ही जिने एकाच पार्किंगमध्ये उतरत असतील तर तो एकच जिना समजावा. दुचाक्या आणि चार्जिंगची जागा इमारतीपासून सुटी, उघड्यावर हवी. विक्रीच्या टॉवरची भिंत आपल्या वाटेवर येणार नाही आणि तिथे मधलं गेट असेल तर ते पायी येणाऱ्याला चोवीस तास उघडं राहील, हेही आत्ताच लिहून घ्यावं. मीटिंगला आपल्या घरच्या बायकांना पाठवा. गल्ली दिवसभर त्याच वापरतात. पाण्याचा टँकर कुठे अडतो, मुलांची स्कूल व्हॅन कुठून वळते आणि म्हाताऱ्या सासूला स्ट्रेचरवरून कसं काढलं होतं, हे त्यांना नकाशा न बघता सांगता येतं.

ज्यांचा पुनर्विकास अजून दहा वर्षं होणार नाही, त्यांनी या आठवड्यात एक काम करावं. इर्ल्याच्या फायर स्टेशनला सोसायटीच्या किंवा मस्जिद ट्रस्टच्या लेटरहेडवर अर्ज द्यावा की आमच्या गल्लीत एकदा बंब आणून दाखवा. कुठे अडतो ते सगळ्यांसमोर दिसू दे. मग ज्याचा ओटा, ज्याची बाइक, ज्याची ताडपत्री आड येते त्याच्याशी बोलणं सोपं जातं, कारण तिथे आरोप करावा लागत नाही, बंब उभाच असतो. ज्या इमारती आधीच उभ्या आहेत त्यांच्यासाठी महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आहे. त्याप्रमाणे आगीची यंत्रणा चालू असल्याचा 'फॉर्म बी' दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. आपल्या सोसायटीचा मागचा फॉर्म कधी दिला गेला, हे सेक्रेटरीला विचारायला कुठलाही अर्ज लागत नाही.